शर्यतीच्या नौकेचें धुराडें



नवें घर पाहावयास गेलेला मनुष्य दिवाणखाना पाहतो, स्वयंपाकघर पाहतो, खिडक्यांतून वारा कसा येतो हें पाहतो. परंतु मोरीचें पाणी कोणत्या वाटेनें जातें याची चौकशी फारच थोडे लोक करितात. यंत्रांच्या बाबतींतहि आपली दृष्टि अशीच असते. एंजिनांत पेट्रोल किती जातें व त्याची अश्वशक्ति किती, हें आपण अगत्यानें विचारितों. जळून गेलेला वायु बाहेर कसा पडतो हें विचारीत नाहीं. या दुर्लक्षित वाटेविषयींच मी आज आपणांपुढें बोलणार आहें. ही वाट आहे खुल्या समुद्रावर शर्यत खेळणाऱ्या मोटर-नौकांच्या एंजिनांची, आणि तिला त्या क्षेत्रांतील लोक 'हेडर' असें म्हणतात. पुष्कळदां हा हेडर एंजिनाच्या मूळ कारखानदारानें दिलेला नसतो. तो दुसऱ्याच कारागिराकडून विकत घ्यावयाचा, मूळचें नळकांडें काढून टाकावयाचें व त्याच्या जागीं हा बसवावयाचा, असा प्रघात आहे. अशा मागाहून बसविण्याच्या मालाला 'आफ्टरमार्केट' अशी संज्ञा आहे.

प्रथम या शर्यतींचा थोडा पूर्ववृत्तांत सांगितला पाहिजे. १९५६ सालीं अमेरिकेंतील मायामीपासून बहामा बेटांतील नासाऊपर्यंत मोटर-नौकांची शर्यत झाली, व खुल्या समुद्रावरील आधुनिक शर्यतींचा आरंभ सामान्यतः तेथून धरितात. ती सॅम ग्रिफिथ यांनीं जिंकली. १९६० च्या शर्यतींत समुद्र चांगलाच खवळलेला असतांना डिक बर्ट्रम यांची 'मॉपी' नांवाची तीस फुटी लांकडी नौका पहिली आली. रे हंट या रचनाकारानें नौकेचा तळ सपाट न ठेवतां नांगराच्या फाळासारखा खोल व निमुळता केला होता. त्यामुळें लाटेवर आपटण्याऐवजीं लाट कापीत जाण्याचें सामर्थ्य तिच्या अंगीं आलें. १९६१ सालीं सर मॅक्स एटकिन यांच्या पुढाकारानें इंग्लंडांत काउज ते टॉर्की ही शर्यत सुरू झाली, आणि पहिल्या वर्षीं टॉमी सॉपविथ यांची 'थंडरबोल्ट' विजयी झाली. अमेरिकेंत डॉन अ‍ॅरोनो यांनीं 'फॉर्म्युला', 'डॉन्झी', 'मॅग्नम' आणि 'सिगारेट' असे नौकांचे कारखाने एकामागून एक काढिले, व १९६७ आणि १९६९ या सालीं जगज्जेतेपदहि मिळविलें.

मुंबईकरांनींहि २०१७ च्या मार्च महिन्यांत मरीन ड्राइव्हसमोर पी-वन नौकांच्या शर्यती पाहिल्या आहेत. परंतु त्या नौकांचीं एंजिनें मागच्या फळीवर बाहेरच्या बाजूस टांगलेलीं होतीं. माझा विषय ज्या एंजिनांशीं निगडित आहे तीं नौकेच्या पोटांत बसविलेलीं असतात. हा भेद श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा. कारण पुढें येणाऱ्या बहुतेक अडचणी 'पोटांत' या एका शब्दांतूनच निघतात.

हीं पोटांतील एंजिनें म्हणजे बहुधा मोटारगाडीच्या मोठ्या आठ सिलिंडरी एंजिनांचीं समुद्रावर गेलेलीं भावंडें होत. उदाहरणार्थ, मर्क्युरी रेसिंग या अमेरिकन संस्थेचें 'एचपी ५२५ ईएफआय' हें एंजिन घ्या. त्याचें मूळ शेव्हरोलेच्या ५०२ घनइंची, म्हणजे सुमारें ८.२ लिटरांच्या एंजिनांत आहे, व त्याची शक्ति नांवाप्रमाणेंच ५२५ अश्वांची. या एंजिनावर सीएमआय या हेडर बनविणाऱ्या बाहेरच्या संस्थेच्या स्टेनलेस स्टीलच्या नळ्या कारखान्यांतूनच बसवून येत. जी वस्तु हौशी लोक मागाहून बसवीत, ती खुद्द कारखानदारानें पदरीं घेतली, यावरून तिचें महत्त्व कळून येईल.

आतां या नळ्यांचें कार्य पाहूं. प्राणायामांत पूरक, कुंभक व रेचक अशा तीन क्रिया सांगितल्या आहेत. चारघाती एंजिनाचेंहि तसेंच आहे. तें श्वास आंत घेतें, तो दाबून धरितें, मग ठिणगीनें तो पेटवून त्याच्या जोरावर दट्ट्या ढकलतें, आणि शेवटीं जळलेला वायु बाहेर टाकितें. रेचक पुरा झाला नाहीं तर पुढचा पूरक अपुरा होतो. कारण ज्या जागेंत ताजी हवा यावयाची ती जागा शिळ्या वायूनें अडविलेली असते. म्हणून निःश्वास जितका मोकळा, तितकी शक्ति अधिक.

मूळच्या एंजिनावर जें नळकांडें असतें तें बीडाचें ओतीव असून एका बाजूच्या चारहि सिलिंडरांचीं तोंडें त्या एकाच बोळकंडींत उघडतात. येथें एक गोम आहे. क्रँकच्या दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत, आठहि सिलिंडरांना एकेकदां ठिणगी मिळते. अर्थात् दर ९० अंशांस एक. शेव्हरोलेच्या जुन्या रूढ क्रमाप्रमाणें ही पाळी एक, आठ, चार, तीन, सहा, पांच, सात, दोन अशी जाते. एका बाजूस विषम क्रमांकांचे सिलिंडर व दुसऱ्या बाजूस सम क्रमांकांचे. आतां पाहा, पांच आणि सात हे एकाच बाजूचे शेजारी लागोपाठ पेटतात. दुसऱ्या बाजूस आठ आणि चार यांचीहि तीच गत. जळित वायु सोडणारी झडप २४० अंशांहून अधिक काळ उघडी राहत असल्यामुळें पांचवा सिलिंडर आपला निःश्वास संपवीत असतांनाच सातव्याचा झोत त्याच बोळकंडींत येऊन धडकतो. चाळींतील अरुंद जिन्यावर दोन बिऱ्हाडांतील माणसें एकाच वेळीं सामान घेऊन उतरूं लागावीं, तसा हा प्रकार होय.

हेडराची युक्ति यावरच आहे. प्रत्येक सिलिंडराला स्वतंत्र नळी द्यावयाची, चारहि नळ्यांची लांबी जागा देईल तितकी समान ठेवावयाची, आणि कांहीं अंतर गेल्यावर त्यांचा एका मोठ्या नळींत संगम करावयाचा. परंतु हेडराचा लाभ एवढ्यावरच थांबत नाहीं. झडप उघडतांच वायूबरोबर दाबाचा एक तरंगहि नळींतून धांवतो. आपल्या खोलींतील हवेंत ध्वनीचा वेग सेकंदास सुमारें ३४० मीटर असतो. सातशें अंश सेल्सिअसपर्यंत तापलेल्या वायूंत तो ६०० मीटरांच्या आसपास जातो. हा तरंग संगमाशीं पोंचला कीं त्याचा कांहीं अंश उलटें रूप धारण करून मागें फिरतो. जातांना तो संपीडनाचा असतो, येतांना विरलनाचा. हें परतलेलें विरलन वेळेवर झडपेपाशीं पोंचलें तर उरलासुरला वायु चोखून काढतें.

'वेळेवर' म्हणजे केव्हां, याचा हिशेब शाळेंतील मुलासहि करितां येईल. एंजिन मिनिटास ५००० फेरे घेत असेल तर एका फेऱ्यास सेकंदाचे बारा सहस्रांश लागतात. म्हणजे एका सहस्रांशांत क्रँक ३० अंश फिरतो. नळी एक मीटर लांब असेल तर तरंगाचा जाण्यायेण्याचा प्रवास दोन मीटरांचा. त्यास तीन सहस्रांशांहून किंचित् अधिक काळ लागतो, व तेवढ्यांत क्रँक सुमारें शंभर अंश पुढें गेलेला असतो. नळी लांबविली तर हा लाभ कमी फेऱ्यांवर मिळतो. आखूड केली तर अधिक फेऱ्यांवर. सारांश, सर्व प्रसंगीं उत्तम अशी एकच लांबी नाहीं. बांसरीचें भोंक कोठें पाडावें हें सूर कोणता पाहिजे यावरून ठरतें, त्याप्रमाणें नळीचें माप एंजिन बहुतेक वेळ किती फेऱ्यांवर चालणार यावरून ठरतें.

येथवरची विद्या मोटारगाडीच्या शर्यतींतहि उपयोगीं पडते. समुद्रावर मात्र तिच्यापुढें पाणी उभें राहतें. गाडीच्या हेडरावर वारा लागतो. तो तापून लाल झाला तरी फारसें बिघडत नाहीं. नौकेच्या पोटांत वारा नाहीं, पेट्रोलची वाफ सांचण्याचें भय आहे, आणि चोहोंबाजूंस फायबरग्लासच्या भिंती आहेत. अशा कोठडींत लाल झालेली नळी म्हणजे दारूच्या कोठारांत पेटलेला काकडा! म्हणून नौकेचा हेडर दुहेरी करितात: आंत वायूची नळी, तिच्याबाहेर दुसरी नळी, आणि दोहोंच्यामध्यें समुद्राचें पाणी खेळविलेलें. आपल्या घरांतून पूर्वीं स्नानाच्या पाण्यासाठीं तांब्याचा बंब असे. त्यांत मधोमध विस्तवाची नळी व तिच्याभोंवतीं पाणी असे. नौकेचा हेडर हा त्या बंबाचाच दूरचा नातलग होय. भेद इतकाच कीं, बंबांत पाणी तापविणें हा उद्देश, आणि येथें नळी निववणें हा.

कवचांतून फिरून आलेलें हें पाणी शेवटीं जळित वायूच्या झोतांतच सोडून देतात. त्यामुळें वायु थंड होतो, आवाज मंदावतो, आणि पुढील मार्गास रबरी नळी लावितां येते. व्यवस्था सोयीची खरी. पण एंजिनाचें मरणहि याच ठिकाणीं दबा धरून बसलेलें असतें.

शर्यतीच्या एंजिनांत वायु आंत घेणारी व बाहेर सोडणारी अशा दोन्ही झडपा कांहीं काळ एकदमच उघड्या राहतील अशी योजना असते. वेगांत तिचा फायदा होतो. परंतु एंजिन मंद चालत असतांना वायूच्या झोताला जोर नसतो, आणि सिलिंडरांतील ओढीमुळें नळींतील वायु क्षणभर उलटा वाहतो. पाणी जर झडपेच्या फार जवळ सोडलेलें असेल तर त्या उलट्या वाऱ्याबरोबर खाऱ्या पाण्याचे तुषारहि सिलिंडरांत शिरतात. थोडे शिरले तर झडपांना व त्यांच्या बैठकींना गंज चढतो. अधिक शिरले तर त्याहून भयंकर गोष्ट घडते. हवा दाबली जाते, पाणी दाबलें जात नाहीं. वर येणारा दट्ट्या पाण्यावर आपटतो आणि त्यास जोडलेला पोलादी दांडा वांकतो. हजारों डॉलर खर्चून उभें केलेलें एंजिन अशा रीतीनें निकामी होतें, आणि तेंहि भर शर्यतींत नव्हे, तर धक्क्याशीं उभें राहून सावकाश फुरफुरत असतांना!

यावर उपाय आहेत. पाणी व वायु यांचा मेळ शक्य तितका पुढें न्यावयाचा. नळीचें वांकण पाण्याच्या पातळीहून पुरेसें उंच ठेवावयाचें. वायूची कोरडी नळी पाण्याच्या तोंडापलीकडे कांहीं अंतर तशीच चालू ठेवावयाची. आणि बाहेरच्या तोंडाशीं लाट उलटी आंत येऊं नये म्हणून लवती झडप लावावयाची. कांहीं शर्यतवाले तर पाणी वायूंत मिसळूंच देत नाहींत. कवचांतील पाणी निराळ्या वाटेनें समुद्रांत सोडतात व वायु कोरडाच बाहेर जातो. मग रबरी नळी चालत नाहीं व आवाजाला धरबंध राहत नाहीं. प्रत्येक सोयीस अशी कांहीं किंमत द्यावीच लागते.

दुसरें संकट लाटेंतून उद्भवतें. ताशीं शंभर मैलांच्या वेगानें धांवणारी नौका लाटेच्या माथ्यावरून सुटली कीं सबंध हवेंत जाते. या शर्यतींत बहुधा दोन माणसें असतात. एक सुकाणूं धरितो, दुसरा थ्रॉटल सांभाळितो. नौका हवेंत जातांच पंख्याला पाण्याचा अडसर राहत नाहीं, म्हणून दुसऱ्यानें त्या क्षणीं थ्रॉटल आवरला पाहिजे. नाहीं तर एंजिन बेफाम फिरतें. त्याच क्षणीं पाणी ओढणारें तोंडहि पाण्याबाहेर असतें, आणि हेडराच्या कवचांत पाण्याऐवजीं हवा शिरते. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, अशी अवस्था होते. पुढच्या क्षणीं नौका खालीं आपटते आणि तापलेल्या धातूवर समुद्राचें थंड पाणी दाबानें येऊन आदळतें. एका शर्यतींत असें किती वेळां होत असेल याची कल्पना करावी, म्हणजे हेडराच्या जोडकामावर काय प्रसंग येतो तें समजेल.

आतलीं नळी तापून लांबूं पाहते, बाहेरची थंड राहते. दोघींचा झगडा जेथें त्या जोडल्या आहेत त्या वेल्डिंगवर येतो. त्यांत पुन्हा खारें पाणी. साधें बीड आंतून गंजत जातें. स्टेनलेस स्टील 'निष्कलंक' म्हणवितें खरें, परंतु पाण्यांतील क्लोराइडांपुढें त्यालाहि बारीक छिद्रें पडतात. म्हणून या कामीं ज्यांत शेंकडा दोन ते तीन मॉलिब्डेनम असतें असें '३१६' जातीचें पोलाद पसंत करितात, आणि शहाणा मालक समुद्रावरून परत येतांच गोड्या पाण्यानें सर्व मार्ग धुऊन काढतो. आंतल्या नळीस पडलेली चीर बाहेरून दिसत नाहीं. हेडर बाहेरून आरशासारखा चकचकीत असतांना आंत पाणी सिलिंडराकडे वाट काढीत असूं शकतें. ती चीर शोधण्याची रीत सोपी आहे. कवचाचीं तोंडें बंद करून आंत हवा भरावयाची व दाबमापकाचा कांटा खालीं येतो कीं काय हें स्वस्थ बसून पाहावयाचें. अशा स्वस्थ बसण्याला शर्यतींतील धांवण्याइतकेंच महत्त्व आहे.

एवढा खटाटोप करून मिळतें काय, असा प्रश्न कोणीहि व्यवहारी गृहस्थ विचारील. त्याचें उत्तर अंकांनीं देतों. पाण्यावर तरंगत सरकणाऱ्या नौकेचा वेग शक्तीच्या वर्गमूळाच्या प्रमाणांत वाढतो, असा क्राउच यांच्या नांवानें ओळखला जाणारा स्थूल नियम आहे. समजा, नव्या हेडरानें एंजिनाची शक्ति ५०० अश्वांवरून ५२५ झाली, म्हणजे शेंकडा पांचांनीं वाढली. वेग शेंकडा अडीचच वाढेल. शंभर मैलांचा साडेएकशेंदोन होईल. शंभर मैलांच्या शर्यतींत यानें सुमारें दीड मिनिट वांचेल. दीड मिनिट म्हणजे आपल्या लेखीं चहाचा कप निववण्याचा वेळ. परंतु शर्यतींत पहिला आणि पांचवा यांच्यांतील अंतर कित्येकदां याहून कमी असतें. शिवाय बीडाचें नळकांडें जाऊन पातळ पत्र्याची नळी आली कीं वजनहि घटतें, आणि तें एंजिनाच्या वरच्या अंगाचें वजन असल्यामुळें त्याचा लाभ अधिक. मात्र ही वाढ जाहिरातींतील आंकड्यावरून मानूं नये. एंजिन डायनामोमीटरवर चढवून, नौकेंत जी पुढची नळी लागणार तीच लावून, आधीं व नंतर मोजलें तरच तिला अर्थ आहे. शर्यतींच्या कित्येक वर्गांत तर एंजिनें मोहोरबंद असतात व असे फेरफार करण्यास मनाई असते, जेणेंकरून पैशापेक्षां कौशल्याची कसोटी लागावी. आणि २०१० सालीं मर्क्युरी रेसिंगनें १३५० अश्वशक्तीचें एंजिन आणिलें त्यांत जळित वायूच्या जोरावर दोन टर्बोचार्जर फिरतात. तेथें धुराडें एंजिनाच्या रचनेंतच इतकें गुंतलेलें आहे कीं, मागाहून नळी बदलणाऱ्याला फारसा वाव उरत नाहीं.

या नळीच्या दुसऱ्या टोकाला माणसें असतात, हें मात्र कोणत्याहि कारागिरानें विसरूं नये. किनाऱ्यावर घरें असतात, घरांत आजारी माणसें व तान्हीं मुलें असतात. अमेरिकेंतील कित्येक राज्यांत किनाऱ्यावर मोजलेला नौकेचा आवाज ७५ डेसिबलांच्या आंत असावा असा निर्बंध आहे. त्यासाठीं वायूचा मार्ग बदलणारी झडप बसवितात. वस्तीजवळ वायु पाण्याखालून जातो, खुल्या समुद्रावर मोकळा सुटतो. आवाज तरी ऐकूं येतो. कार्बन मोनॉक्साइड या वायूला ना रंग, ना वास. नौका सावकाश चालत असतां तिच्या उभ्या मागच्या फळीपाशीं हवेची पोकळी होते व हा विषारी वायु पुढें बसलेल्या माणसांकडे ओढला जातो. एंजिन चालू असतांना मागच्या फळीशीं पोहणारीं किंवा तेथें पाय सोडून बसणारीं माणसें या वायूनें दगावलीं आहेत. २०१० पासून अमेरिकेंत पोटांतील एंजिनांच्या सामान्य नौकांवर धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक आले. निव्वळ शर्यतीच्या एंजिनांवर तें बंधन नाहीं. म्हणून शर्यतीच्या नळ्या लावलेल्या नौकेंत सहलीला कुटुंब नेणाऱ्यानें या एका गोष्टीची दक्षता इतर सर्व गोष्टींहून अधिक घेतली पाहिजे. डोकें दुखूं लागलें, मळमळूं लागलें, तर तो समुद्राचा त्रास समजून गप्प बसूं नये. एंजिन बंद करावें व माणसांना मोकळ्या हवेंत न्यावें.

मी आयुष्यभर मुलांना पदार्थविज्ञानाचे पाठ दिले, आणि त्यांत मला एक अनुभव वारंवार आला. वर्गांत 'पाणी दाबलें जात नाहीं' हें वाक्य मुलें पाठ करीत, परंतु त्यावर कोणाचें कांहीं अवलंबून आहे असें त्यांना वाटत नसे. या नौकांच्या धुराड्यांत तेंच वाक्य पोलादी दांडा वांकवितें. उष्णतेनें धातु प्रसरण पावतात, हें दुसरें वाक्य वेल्डिंग उकलतें. ध्वनीचा वेग उष्ण वायूंत वाढतो, हें तिसरें वाक्य शर्यत जिंकून देतें. पुस्तकांतील तीन निरुपद्रवी वाक्यें अशीं एका नळींत एकत्र आलेलीं मीं तरी दुसरीकडे क्वचितच पाहिलीं.

तेव्हां परदेशीं असलेला आपला एखादा मुलगा किंवा पुतण्या अशा नौकेच्या नादीं लागून चकचकीत हेडरांचें चित्र आपणांस दाखवूं लागला, तर अश्वशक्ति किती वाढली हें त्याला मागाहून विचारावें. प्रथम इतकेंच विचारावें, "बाबा रे, यांत पाणी आणि धूर कोठें भेटतात? आणि एंजिन मंद चालत असतांना तें पाणी कोणत्या दिशेनें जातें?" या दोन प्रश्नांचें उत्तर त्याला देतां आलें, तर त्यानें तो हेडर खुशाल बसवावा.